घर बंद, मांजर बाहेर, तरी पिसवा कुठून आल्या?

प्रश्न : आमचं घर देवरुखजवळ आहे. एप्रिलच्या मध्यावर आम्ही पुण्याला लेकीकडे गेलो, ते जूनच्या पहिल्या आठवड्यात परतलो. घर पूर्ण बंद होतं. दोन मांजरी आणि कुत्रा शेजारच्या काकूंच्या पडवीत होते. कुलूप काढून माजघरात जाऊन उभे राहिलो आणि मिनिटभरात पोटऱ्यांवर काळे ठिपके चढले. पिसवा! दीड महिना घरात ना माणूस ना जनावर, मग या जगल्या कशावर? आणखी एक विचारायचं आहे. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं पिसवांचं औषध घरात आहे. मांजर लहान म्हणून निम्मं टाकलं तर चालेल का? एक मांजर काकूंकडेच व्याली, पिल्लं तीन आठवड्यांची आहेत. त्यांच्याही अंगावर पिसवा दिसतात. काकू म्हणतात, रॉकेलचा बोळा फिरवा, एका दिवसात जातील.
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : तुमचा पहिला प्रश्न मोठा मजेदार आहे, पण दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. कुत्र्याचं औषध मांजरीला लावू नका. निम्मं नको, पाव नको, एक थेंबही नको. रॉकेलही नको.

हे वाचायच्या आत औषध लावून झालं असेल, तर मांजरीला कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या सौम्य लिक्विडने मानेपासून नीट धुवा. पाणी गरम नको, कारण गरम पाण्याने कातडीतलं रक्त वाढतं आणि विष जास्त शोषलं जातं. गारही नको, अंग थंड पडलं की थरथर वाढते. धुऊन झाल्यावर जाड पंच्यात गुंडाळून ऊब द्या आणि औषधाचं खोकं बरोबर घेऊन पशुवैद्यांकडे निघा. दूध, तेल, मीठपाणी काही पाजू नका, उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. झटके सुरू झाले असतील तर धुण्यातही वेळ घालवू नका, तशीच उचलून न्या. काही तास बरी दिसली म्हणून निर्धास्त राहू नका. लक्षणं कधी दोन-तीन तासांत दिसतात, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

ही लक्षणं ओळखता आली पाहिजेत. सुरुवातीला कान फडफडतात, जणू माशी बसते आहे. मांजर पंजे झटकते, पाठीवरची कातडी आपोआप हलते, तोंडाला लाळ येते. मग चालताना मागचे पाय लटपटतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, सगळं अंग थरथरू लागतं. त्यापुढे झटके. या विषावर उतारा नाही. डॉक्टर स्नायू शिथिल करणारी औषधं देतात, सलाईन लावतात, अंगाचं तापमान सांभाळतात आणि मांजरीचं शरीर विष बाहेर टाकेपर्यंत तिला जगवून ठेवतात. त्यात दोन-तीन दिवस जाऊ शकतात. वेळेवर नेलेल्या बऱ्याच मांजरी वाचतात. म्हणूनच वेळ घालवू नका असं पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

कुत्र्याला जे सोसतं ते मांजरीला का सोसत नाही? कुत्र्यांच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असतं, काहींत तर निम्मा भाग तेच असतं. शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलापासून पायरेथ्रम नावाचं कीटकनाशक मिळतं, परमेथ्रिन ही त्याची कारखान्यात बनवलेली जास्त टिकाऊ आवृत्ती. ते किड्याच्या मज्जातंतूंना सतत चेतवत ठेवतं आणि किडा तडफडून मरतो. कुत्र्याच्या आणि माणसाच्या शरीरात ते गेलं तर यकृत त्याचे तुकडे करतं, त्यांना साखरेपासून बनलेला एक रेणू जोडतं आणि लघवीवाटे बाहेर काढून देतं. जोडायचं हे काम करणारं एक महत्त्वाचं विकर मांजरीत बनतच नाही. त्याचं जनुक तिच्या पेशींत आहे, पण मोडक्या अवस्थेत. केवळ पाळीव मांजरीचीच ही गत नाही, सिंह आणि चित्त्यातही ते तसंच मोडलेलं आढळलं आहे. लाखो वर्षं निव्वळ मांस खाणाऱ्या या कुळाला वनस्पतींमधली विषं पचवायची गरजच पडली नाही, म्हणून ही सोय गेली, असं शास्त्रज्ञ मानतात.

या एका उणिवेमुळे मांजरीच्या बाबतीत ‘कमी द्या’ हा हिशेबच चालत नाही. दहा किलोच्या कुत्र्याला एक मात्रा, मग चार किलोच्या मांजरीला त्याहून कमी, हे गणित वजनापुरतं बरोबर दिसतं. पण विष बाहेर काढणारा रस्ताच जिथे अरुंद आहे, तिथे थोडंही साठत जातं. याच कारणाने ताप आलेल्या मांजरीला पॅरासिटामॉल द्यायची नाही. माणसाची एक गोळी तिचा जीव घेऊ शकते. घरात मांजर असणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आजच लक्षात ठेवावी.

गोठा असलेल्या घरांत आणखी एक धोका असतो. गुरांच्या गोचिडांसाठी आणलेली डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ असली औषधं कोनाड्यात ठेवलेली असतात. गाईला चोळून उरलेलं पाणी कुत्र्याला आणि कुत्र्याचं उरलेलं मांजरीला, अशी उतरंड खेड्यांत सर्रास चालते. पहिली दोन परमेथ्रिनचीच भावंडं. अमिट्राझ वेगळ्या प्रकारचं, पण मांजरीला तेही झेपत नाही. मांजर दिवसभर स्वतःला चाटते. अंगावर लावलेलं सगळं शेवटी तिच्या पोटात जातं, एवढं ध्यानात घेतलं तरी निम्म्या चुका टळतील.

आता बंद घराकडे वळू.

पिसवा दीड महिना कशावर जगल्या? बहुतेक जणी जगल्याच नव्हत्या, जन्मायच्या होत्या. तुमच्या पोटऱ्यांवर उडाल्या त्या त्याच दिवशी, तुमच्या पावलांच्या हादऱ्यांनी जाग्या झालेल्या.

मांजरीवर, कुत्र्यावर आणि आपल्या घोट्यांवर दिसते ती बहुतेक वेळा एकाच जातीची पिसू असते. तिला मांजरपिसू म्हणतात, कुत्र्यावरही तीच जास्त सापडते. मादी अंगावर चढली, रक्त प्यायली की एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते. भरात असताना दिवसाला चाळीस-पन्नास. ही अंडी उवांच्या लिखांसारखी केसांना चिकटत नाहीत. गुळगुळीत असतात, मांजर उठली-बसली की घरंगळून पडतात. म्हणजे मांजर जिथे झोपते तिथे त्यांचा सडा पडतो : सोफ्याच्या फटीत, जुन्या गोधडीवर, चुलीमागच्या पोत्यावर, खाटेखाली. दोन ते दहा दिवसांत त्यातून पांढुरकी, केसाळ अळी निघते. तिला उजेड सोसत नाही. ती खाली खाली सरकते, सतरंजीच्या विणीत, फरशीच्या सांध्यात, सारवलेल्या जमिनीच्या भेगेत. तिथे ती खाते काय? वरून पडणारी मोठ्या पिसवांची विष्ठा. म्हणजे सुकलेलं रक्तच. आई वर मांजरीच्या अंगावर रक्त पिते आणि त्यातलं बरंचसं न पचवता खाली पिल्लांसाठी सांडते.

मग अळी स्वतःभोवती रेशमासारखा चिकट कोष विणते. कोषावर धूळ, केस, वाळूचे कण चिकटतात आणि तो भोवतालच्या कचऱ्यासारखाच दिसू लागतो. शोधूनही सापडत नाही. फवारलेलं औषध आत शिरत नाही. आत पिसू पुरी तयार होते, पण बाहेर येत नाही. बाहेर रक्त नसेल तर एक-दोन आठवड्यांत ती उपाशी मरेल. कोषात मात्र ती हालचाल न करता कित्येक आठवडे, कधी काही महिनेसुद्धा तग धरते. ती वाट पाहते ती खुणांची : जमिनीला बसणारे हादरे, दाब, ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड. दीड महिना तुमच्या माजघरात यातलं काहीच नव्हतं. मग दार उघडलं, चार माणसं आत आली, पेट्या आपटल्या. एका दमात कोष फुटले. रिकाम्या फ्लॅटमध्ये नवे भाडेकरू येतात तेव्हाही हाच अनुभव येतो, आणि बिचाऱ्यांकडे मांजर नसतेच.

कोकणातली एप्रिल-मेची हवा दमट असते, ती त्यांना मानवली. अळ्यांना दमटपणा लागतो. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली किंवा तापमान पस्तिसाच्या वर गेलं की त्या सुकून मरतात. विदर्भात मे महिन्यात उघड्या अंगणात अळ्या टिकत नाहीत. कूलरच्या गार, ओलसर खोलीत मात्र त्यांचं छान चालतं.

घरातल्या पिसवांचा एकूण पसारा घेतला, तर मोठ्या, उड्या मारणाऱ्या पिसवा ढोबळमानाने शेकडा पाच. बाकीच्या पंच्याण्णव अंडी, अळ्या आणि कोष होऊन जमिनीवर पडलेल्या असतात. पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे. योग्य औषध लावलं तरी तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त काळ, नव्या पिसवा निघतच राहणार. कोषातून बाहेर पडणार, मांजरीवर चढणार आणि औषधाने मरणार. त्या दिसल्या याचा अर्थ औषध फसलं असा नाही. पण घरोघरी तोच अर्थ काढला जातो. आठवड्यात पुन्हा दुसरं औषध, मग पावडर, मग कुणी सांगितलेलं तेल, मग कुत्र्याचं जालीम काहीतरी. मांजरी दगावतात त्या पिसवांनी क्वचित, या घाईने जास्त.

आता करायचं काय ते सांगतो.

पहिलं म्हणजे घरातल्या सगळ्या जनावरांना एकाच दिवशी उपचार. एक मांजर सोडली तर तिच्यावर संसार चालू राहतो. मांजरीसाठी पशुवैद्यांकडे फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन यांपैकी एखादं औषध मिळतं, छोट्या नळीत. नळीवर मांजरीचं चित्र, वजन आणि वय पाहून घ्यायचं. मोठ्या कुत्र्याची नळी सिरिंजने वाटून देणारे दुकानदार भेटतात, त्यांच्याकडून घेऊ नका. तुमच्या कुत्र्यासाठीही परमेथ्रिन नसलेलं औषध मागा, कारण दोघं एकमेकांना चिकटून झोपतात आणि मांजर त्याची मान चाटते. ते लावून झालेलंच असेल तर निदान दोन-तीन दिवस दोघांना वेगळं ठेवा. कुत्र्याला कधी फिट येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, पिसवांच्या काही नव्या गोळ्या अशा कुत्र्यांना जपून द्याव्या लागतात.

नळी लावायची रीत सोपी आहे, पण बरेच जण केसांवर ओततात आणि औषध फुकट जातं. मांजरीला मांडीवर तोंड पुढे करून बसवा. कवटी जिथे संपते आणि मान सुरू होते तिथले केस दोन अंगठ्यांनी भांग पाडल्यासारखे बाजूला करा, गुलाबी कातडी दिसली पाहिजे. नळीचं टोक कातडीला टेकवून दाबा. खांद्यापर्यंत खाली गेलात तर तिची जीभ पोचते. औषध कडू असतं. चाटलंच तर तोंडाला फेस येतो आणि घरात धावपळ उडते. मांजरीसाठीच असलेल्या औषधाने आलेला असा फेस बहुधा थोड्या वेळात थांबतो, पाणी प्यायला द्या. थांबला नाही किंवा अंग थरथरलं तर मात्र डॉक्टर. आदल्या दिवशी आणि नंतरचे दोन दिवस आंघोळ नाही. लेबलवर सांगितल्याप्रमाणे दर महिन्याला, किमान तीन महिने. मध्येच पिसवा दिसेनाशा झाल्या म्हणून थांबायचं नाही.

दुसरी बाजू घराची, आणि माझ्या मते तीच मोठी. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर सोफ्याच्या फटी, गाद्यांच्या कडा, कपाटाखालचा भाग रोज साफ करा. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने कोष फुटतात, ते आपल्याला हवंच आहे : बाहेर आलेली पिसू औषध लावलेल्या मांजरीवर चढेल आणि मरेल. आतली पिशवी लगेच बंद करून घराबाहेर टाका. व्हॅक्यूम नसेल तर नुसत्या केरसुणीने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि फडका कढत पाण्यात बुडवा. मांजर झोपते त्या गोधड्या, पोती, गाद्यांचे अभ्रे आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. गादी धुता येत नाही, तिला दिवसभर ऊन दाखवा, दुपारी उलटवा. अळ्या उन्हाच्या पक्क्या वैरी, आणि ऊन फुकट आहे. तुमच्याकडे आता पावसाळा सुरू झाला, उघडीप मिळेल तो दिवस वाया घालवू नका. चुलीमागचं जुनं पोतं मात्र मी सरळ बाहेर काढून जाळून टाकीन.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावणार असाल तर त्यांना पायरिप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीनबद्दल विचारा. ही अळीची वाढ रोखणारी औषधं आहेत, अंडी-अळ्यांची पिढी मोडते. फवारलेलं पूर्ण वाळेपर्यंत मांजरींना घरात घेऊ नका. ओल्या फवाऱ्यावरून चालून पंजे चाटणं हाही विषबाधेचा नेहमीचा मार्ग आहे. रात्री जमिनीवर पसरट ताटात साबणाचं पाणी ठेवा, त्यावर दिवा लावा. उजेडाकडे, उबेकडे पिसवा उडतात आणि बुडतात. याने घर साफ होत नाही, पण सकाळी ताटात किती पडल्या ते पाहिलं की लढाई कुठवर आली हे कळतं.

आता काकूंचं रॉकेल. एका दिवसात पिसवा जातील हे खरं असू शकतं, पण रॉकेलने कातडी भाजते, आणि चाटताना फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. फिनेल आणि डेटॉलसारख्या जंतुनाशकांतली फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजरीला विषारी आहेत, कारण तेच मोडकं जनुक. टी ट्री तेल, निलगिरी, संत्र्या-लिंबाच्या सालींचे अर्क, कापूर, कपाटातल्या डांबरगोळ्या, सगळं दूर. झुरळांसाठीच्या खडूने मांजरीच्या अंगावर रेघा ओढणारे लोक आहेत, त्या खडूत डेल्टामेथ्रिनच्या जातीचं विष असतं. लसूण खायला घातली तर पिसवा पळत नाहीत, मांजरीच्या तांबड्या पेशी मात्र फुटतात. कडुनिंबाबद्दल लिहिताना हात थोडा आखडतो, कारण आपल्याकडे त्यावर श्रद्धा आहे आणि धान्यात, कपड्यांत त्याचा पाला ठेवणं उत्तमच आहे. पण कडुनिंबाचं तेल अंगावर लावल्यामुळे मांजरींना लाळ, थरथर, झटके आल्याच्या नोंदी आहेत. झाडाचं आहे म्हणून सौम्य, हे मांजरीच्या बाबतीत खरं नाही. परमेथ्रिनचा पूर्वजही फुलातूनच आला होता.

पिल्लांची काळजी मला सगळ्यांत जास्त वाटते. तीन आठवड्यांच्या पिल्लाच्या अंगात रक्त ते किती, आणि पन्नास पिसवा रोज पीत बसल्या तर ते पांढरं पडतं. ओठ वर करून हिरडी पाहा. गुलाबी हवी. फिकट, पांढरट दिसली, पिल्लू गार लागलं, दूध ओढत नसलं तर आजच डॉक्टरांकडे, रात्र जाऊ देऊ नका. बाकी वेळी पिल्लांसाठी सर्वांत चांगलं हत्यार म्हणजे उवांची बारीक दातांची फणी. उबदार खोलीत पिल्लू मांडीवर घ्या, शेजारी वाटीत साबणाचं पाणी. मानेपासून शेपटीकडे केसांच्या दिशेने फणी ओढा, दातांत अडकलेली पिसू बोटाने चिरडू नका, सरळ पाण्यात बुडवा. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि पिसू तरंगू शकत नाही. साध्या पाण्यातून ती पुन्हा उडी मारून तुमच्या हातावर येते. जबड्याखाली, कानांमागे, काखेत आणि शेपटीच्या बुडाशी जास्त सापडतात. रोज दोनदा करा. दूध पाजणाऱ्या आईला कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टर सांगतील, तेव्हा ती पाजते आहे हे आवर्जून सांगा. आईवरच्या पिसवा गेल्या की पिल्लांचं अर्धं काम होतं. बहुतेक नळ्या सहा-आठ आठवड्यांच्या आधी लावायच्या नसतात. फिप्रोनिलचा एक फवारा अगदी कोवळ्या पिल्लांनाही चालतो, पण किती आणि कसा ते डॉक्टरांच्या हातूनच.

पिसवा आटोक्यात आल्या की जंताचं औषध विसरू नका. चाटताना मांजर पिसू गिळते आणि तिच्याबरोबर पट्टकृमीची अळी पोटात जाते. शेपटीखाली किंवा झोपायच्या जागी काकडीच्या बीसारखे, वाळल्यावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तोच तो. पिसवा न घालवता नुसतं जंताचं औषध दिलं तर महिन्याभरात पुन्हा हजर.

याच विषयावर इतर वाचकांची काही पत्रं आहेत. त्यांनाही इथेच उत्तरं देतो.

प्रश्न : आमची मांजर सातव्या मजल्यावर राहते, कधी बाहेर जात नाही. अंगावर एकही पिसू दिसत नाही, पण पाठीवर खपल्या आहेत आणि ती सारखी चाटते. पिसवा असतील का?

उत्तर : असू शकतील. बुटांना, कपड्यांना, पाहुण्यांच्या कुत्र्यासोबत, जिन्यातल्या मांजरीकडून त्या येतात, आणि पूर्वीच्या भाडेकरूंचे कोष असतील तर त्या आधीपासून तुमच्याच आहेत. न दिसण्याचं कारण म्हणजे मांजर फार नीट साफसफाई करते आणि पिसवा गिळून टाकते. तेव्हा पिसू शोधू नका, तिची घाण शोधा. पांढरा कागदी रुमाल ओला करून पसरा, त्यावर मांजरीला उभी करून शेपटीच्या बुडाजवळचे केस उलटे चोळा. मिऱ्याच्या भुकटीसारखे काळे कण पडतील. साधी धूळ असेल तर काळीच राहते. पिसवांची विष्ठा असेल तर मिनिटभरात प्रत्येक कणाभोवती तांबूस-तपकिरी कडं पसरतं, कारण ते रक्त आहे. कडं पसरलं तर शंका मिटली. काही मांजरींना पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते, त्यांना एक-दोन चावेही खपल्या पडायला पुरतात.

प्रश्न : मांजरीबरोबर ससा आणि माशांची टाकीही आहे. तेच औषध सशाला चालेल?

उत्तर : फिप्रोनिल सशाला कधीही नाही. मांजरीला निर्धोक असलेलं हे औषध सशाचा जीव घेतं. सशासाठी डॉक्टर दुसरं औषध वजनाप्रमाणे देतात. त्याला फार भिजवून आंघोळही घालू नका, तो भीतीनेच खचतो. माशांना तर या औषधांचा लवलेशही मारक असतो. फवारणीच्या वेळी टाकी दुसऱ्या खोलीत न्या. ते जमत नसेल तर वरून प्लास्टिक घट्ट लावा आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवा, नाहीतर खोलीतली हवा तोच पाण्यात ओढतो. मांजरीच्या मानेवर औषध लावलेल्या हाताने माशांना खाऊ घालू नका. औषध लावलेल्या कुत्र्याला लेबलवरचे दिवस उलटेपर्यंत ओढ्यात, विहिरीत पोहायला नेऊ नका.

प्रश्न : पिसवांमुळे प्लेग होतो असं आजी सांगायची. मांजर टाकून द्यावी का?

उत्तर : टाकू नका. आजीची भीती खरी होती, ती पिढी ते पाहून गेली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गोव्याहून आलेल्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला. पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, १० मार्च १८९७ ला. तेव्हा रोग कशाने पसरतो हेच माहीत नव्हतं. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमॉ यांनी कराचीत प्रयोग करून तो उंदरावरच्या पिसवेतून पसरतो हे दाखवलं. पुष्कळ वर्षं कुणी मानलं नाही. नंतर मुंबईतल्या ग्लेन लिस्टन यांच्या आणि प्लेग आयोगाच्या कामातून ते पक्कं झालं.

पण ती पिसू उंदराची, मांजरपिसवेहून वेगळी जात. मांजरपिसू प्लेग पसरवण्यात फार कमी पडते, आणि महाराष्ट्रात शेवटचा मोठा हादरा बसला तो १९९४ साली, बीड जिल्ह्यातल्या मामला गावी. तुमच्या मांजरीपासून प्लेगची भीती धरायचं कारण नाही. काळजी करायची ती साध्या गोष्टींची : लहान मुलाने चुकून पिसू गिळली तर त्याला तो पट्टकृमी होऊ शकतो, आणि पिसवेची विष्ठा लागलेल्या नखांनी मांजरीने ओरबाडलं तर बार्टोनेला नावाच्या जिवाणूने गाठी सुजून ताप येतो. ओरखडा साबणाने लगेच धुवा, गाठ सुजली तर डॉक्टरांना मांजरीचा उल्लेख करून दाखवा.

माळ्यावर उंदीर फार झाले असतील तर मात्र एक काळजी घ्या. उंदीर एकदम मारले की त्यांच्या अंगावरच्या पिसवा गार पडलेलं शरीर सोडून जवळच्या उबेकडे धावतात. प्लेगच्या साथीत काम करणारी माणसं म्हणूनच आधी बिळांपाशी पिसवांचं औषध टाकतात आणि मगच उंदरांच्या मागे लागतात. तुमच्याकडे मांजर असेल तर माळ्यावरचं हे काम जाणकाराकडून करून घ्या, आणि विषाचे गोळे ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर मांजरच पकडते.